बासष्ट नंबरचा कोंबडा

आमच्या अख्ख्या पाड्यात जगातल्या मोटरसायकल रेसचा सीझन, पयल्या रेसपासून शेवटच्या रेसपर्यंत, एक बी न चुकवता बघितलेला मानूस मीच एकटा. मला मोटरसायकल चालवता येत नाय.

हसा. मी बी हसतो. पुन्याला भोसरीत एका गॅरेजात गाड्या धुन्यात माझी बारा-तेरा वर्सं गेली. रोज पंधरा-वीस गाड्या हाताखालनं जातात, सगळ्या ढकलत. एकदाच एक चालू करून वर बसलो, तर रॅम्पवरनं थेट सांडपान्याच्या गटारात. गाडीला खरचटलं नाय म्हनून नोकरी राह्यली. मला खरचटलं ते कोन बघतो. शाळा तिसरीपर्यंत, ती बी दोनदा, म्हनून जसं बोलतो तसंच लिवतोय. जे पाड्यात राह्यले त्यांनी वाचा, जे माझ्यासारखे उठून गेले त्यांनी बी वाचा. कोनाला शानपन यावं म्हनून नाय सांगत. ते माझ्याकडं असतं तर आधी मीच वापरलं असतं.

मी गेलो त्या दिवशी बा मला मुरबाडच्या स्टँडवर सोडायला आलता. डोळखांबच्या आतल्या बाजूला आमचा पाडा. तिथनं पायी डोळखांब, मग जीपच्या मागं लटकत मुरबाड. आमच्याकडची मानसं दिवाळी झाली की भिवंडीकडं वीटभट्टीवं जातात आन पावसाच्या तोंडाला परत येतात. म्हंजी जानं आमाला नवं नाय. परत न येनं नवं होतं, आन ते त्या दिवशी ना बाला ठाव होतं, ना मला.

माळशेज घाटानं वर जानारी लाल गाडी लागली. बाला वाचता येत नव्हतं, पन त्यानं कंडाक्टरला ईचारून गाडीचा नंबर काढला. शेवटचे दोन आकडे बासष्ट. मला दहा वेळा म्हनून घेतलं. "आळेफाट्याला गाडी च्या प्यायला थांबंल. मुतायला उतरलास आन दुसऱ्याच गाडीत बसलास तर जाशील कुटंतरी. बासष्ट. बासष्टमधीच बसायचं." येवढा मोठा घोडा मी, मिसरूड फुटलेलं, आन स्टँडवर उभा राहून बासष्ट बासष्ट करतोय. बाजूच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. गाडी हालली तवा बा खिडकीसंगं चार पावलं चालला आन येवढंच बोल्ला, "आवनीला ये रे चंदर. रोप कोनासाठी थांबत नाय."

आवनी म्हंजी भाताची लावनी. शहरात वाढलेल्या आमच्या पोरांसाठी सांगून ठेवतो. शिमग्याच्या आगंमागं वावराच्या एका तुकड्यावं पालापाचोळा न शेन टाकून भाजायचं, तो राब. त्यात पाऊस लागला की बी टाकायचं. महिनाभरात रोप वर येतं. ते उपटून चिखलात लावायचं, आन ते ठरल्या दिवसांतच लावावं लागतं. पुढं गेलं की रोप म्हातारं होतं, मग भात नाय, नुसता पेंढा. एक मानूस बैलामागं नांगर धरून चिखल करायला पायजे, आन मागनं लावायला माना मोडून घेनाऱ्या दोन-तीन बाया. आमच्या घरात आय मी ल्हान असतानाच गेली. ताय लगीन करून ओढ्यापल्याडच्या पाड्यात दिलेली. राह्यले बा आन मी. मी गेलो, राह्यला बा.

पयली पाच-सहा वर्सं मी नेमानं आलो. शेट आवनीला चार दिवस सुट्टी द्यायचा. मी यायचो, नांगर धरायचो, पायाला चिखल्या घेऊन परत जायचो. भोसरीतल्या पोरांना सांगायचो का आमचा फार्म हाय. तो फार्म असा का एका कडेला उभं राहून थुंकलं तर दुसऱ्या कडेच्या बांधावर पडतं.

मग ती रेस शिरली डोक्यात. दोन हजार साल उजाडून एखाद वरीस झालं असंल. गॅरेजात कस्टमरला बसायला काचेची खोली केली आन तिथं शेटनं टीव्ही लावला. रविवारी गॅरेज बारापर्यंत. दुपारी दोनला एका चॅनेलवं परदेशातली मोटरसायकल रेस लागायची. मी खोली पुसायला गेलो आन फडकं हातातच राह्यलं. मानसं गाडी येवढी वाकवून वळवीत होती का गुडघा रस्त्याला घासत होता. आमी चिखलात वाकलो तर आमची कंबर मोडते, आन हे वाकतात तर दुनिया टाळ्या वाजवते.

बोलनारा फाडफाड इंग्लिश बोलायचा, मला ओ का ठो कळायचं नाय. नावं वाचता येईनात. पन आकडे येत होते, धंदाच नंबरप्लेटी पुसायचा. आन त्या सगळ्या गर्दीत एक हिरवीगार गाडी, रोपासारखी हिरवी, आन तिच्या तोंडावं लिवलेलं बासष्ट. आपला मानूस ठरला. कोन्या देशाचा, काय खातो, आयबाप हायत का नाय, काय ठाव नाय. बासष्टमधीच बसायचं, बानंच सांगितलं होतं.

त्या साली बासष्ट खरंच जोरात होता. पयल्या रेसला दुसरा, मग पयला, मग परत पयला. रंगा मेस्त्री, आमचा हेड, त्यानं मला सांगितलं का प्रत्येक रेसला पॉइंट मिळतात, दिवाळीपर्यंत पंधरा-सोळा रेसा होतात, ज्याचे पॉइंट जास्त तो जगाचा राजा. मी ठरवलं का एक बी रेस चुकवायची नाय. रविवारी सकाळपासनं उपास धरायचो, दोन केळी खाऊन. रेस लागायच्या आधी टीव्हीच्या काचेला हळदकुकू लावायचो. बासष्ट दिसला का हात जोडायचो. मेस्त्री न दोन हेल्पर मागं बसून मला बघायचे. मला वाटायचं रेस बघतायत.

आता घोटाळा असा का रेसचा सीझन आन भाताचा सीझन एकच. राब भाजतो तवा पयली रेस. कापनी होते तवा शेवटची. आन मधोमध, पॉइंट जुळायच्या येळेला, आवनी.

बाचा फोन यायचा डोळखांबहून. तिथं एका वान्याच्या दुकानात फोनचा डबा होता. पाड्यातनं दीड तासाची वाट. आषाढात सोमवारी त्याचा फोन आला. रोप तयार हाय बोल्ला, शनवारी निघ, रविवारी चिखल करू. आदल्याच दिवशी बासष्ट जिंकलेला मी बघितला होता, आन येत्या रविवारी पुढची रेस. मी डोकं खाजवलं. सुट्टी नाय असं बोललो असतो तर बा शेटसंगं बोलायला मागला असता. तापबीप आला बोललो असतो तर तो पिशवी घेऊन भोसरीला आला असता. मग माझ्या तोंडातनं निघालं का, बा, मला शीव वलांडता येत नाय. मी चेडोबाला कोंबडा बोललोय.

चेडोबा आमचा शिवेवरचा राखनदार. उंबराखाली शेंदराचा दगड, बाकी काय नाय. पन आमच्यात रीत अशी का चेडोबाला बोललेलं फेडल्याबिगर त्याच्यापुढनं गावात पाय टाकायचा नाय. मागनं रानातनं वाट हाय, पन देवाला काय मागचं दार कळत नाय का? बा बोल्ला, कशासाठी बोललास? मी सांगितलं सगळं. रेस, हिरवी गाडी, बासष्ट नंबर. तो राजा झाला तर कोंबडा, आन ते दिवाळीला कळनार, तवर मी अडकलो.

खरं सांगू? नवस आधी नव्हताच. बाचा फोन आधी आला, नवस मागनं झाला, फोनवरच, मुंडी खाजवता खाजवता. पन चेडोबाचं नाव घेऊन बोललो म्हंजी झालाच की नवस. फोन ठेवल्यावं मलाच भ्याव वाटाया लागलं. बाला फसवाया गेलो आन देवाच्या खात्यात स्वताच जाऊन बसलो. येवढं डोकं आमच्या घराण्यात माझंच.

बाला थट्टा कळत नव्हती. देवाचं नाव घेऊन मानूस खोटं बोलंल हे त्याच्या टाळक्यातच नव्हतं. तो घरी गेला, ईचार केला, आन बुधवारी घरातला एकुलता एक तुऱ्याचा कोंबडा बगलंत मारून शिवेवं गेला. माझ्या नावानं कापला. गुरवारी परत दीड तास चालून फोन. आवाजात नुसता आनंद. "फेडला रे तुझा नवस. आधी दिलं म्हनून देव काय परत करनार हाय? मी बोललो त्याला, त्या बासष्टवाल्या पोराला बी जप आन माझ्या पोराला बी सोड. रविवारी ये."

माझ्याकडं मग काय सबब उरली नाय. तरी गेलो नाय. मनाला बोललो का येवढी एक रेस बघू, संध्याकाळची गाडी धरू, सोमवारी चिखल करू. एक दिवसानं रोप काय म्हातारं होतंय. उपास धरला, कुकू लावलं, बसलो.

पाचव्या का सहाव्या चकरीला बासष्ट पडला. वळनावं गाडी खालनं सरकली आन तो गोधडीसारखा लोळत गेला. पाय वाकडा झालेला टीव्हीत दिसला. चौघांनी उचलून नेला. मी त्या काचेच्या खोलीत उभाच राह्यलो. मागं कोनतरी फिसकन हसलं. माझ्या पोटात केळी न राग दोनच होतं. संध्याकाळची गाडी मी धरली नाय.

सोमवारी बाचा फोन आला, आला नाय का रे म्हनून. आन मी त्याला बोललो. शब्दाला शब्द आठवतं, म्हनून लिवतो. "तू कोंबडा आधी कापलास म्हनून तो पडला. जिंकायच्या आधी कोन नवस फेडतो? पाय मोडला त्याचा, तुझ्यापायी."

पलीकडं वान्याच्या दुकानातला तराजू वाजतोय तो ऐकू येत होता. मग बा बोल्ला, "लई लागलं का रे त्याला?"

मी फोन ठेवला.

त्याच्यानंतर बा मला आवनीला ये असं कधी बी बोल्ला नाय. एकदा बी नाय. त्या साली खालची दोन खाचरं तशीच पडीक राह्यली असं मागनं कळलं. वरची खाचरं ताय न दाजीनं येऊन लावली. बाचा फोन मात्र येत राह्यला, आन पयला सवाल एकच. त्या पोराचा पाय कसा हाय? मी बोलायचो पलस्तर हाय. मग बोललो पलस्तर निघालं. मग बोललो लंगडत का होईना गाडीवं बसला. तेवढं खरं होतं, दोन-तीन रेसा चुकवून बासष्ट परत आला आन परत पयला आला. त्या दिवशी बा फोनवं हसला. लई दिवसांनी.

शेवटची रेस. दोघंच उरले होते, बासष्ट आन एक लाल गाडीवाला. बासष्ट तिसरा आला तरी राजा होनार, असा मेस्त्रीचा हिशोब. मी शनवारपासनंच उपाशी. टीव्हीला कुकू येवढं का अर्धा रस्ता दिसेना. त्या दिवशी एक कॉलेजवाला पोरगा गाडी घ्यायला आलता, च्या पीत बसला. रेस सुटायच्या आधीच तो मला बोल्ला, "काका, एवढं काय टेन्शन घेता? हा आज सहावा येतो. टायटल लालवाला नेतो."

मी बोललो, तू काय पंचांग घेऊन आलास का? तर तो बोल्ला, "अहो ही गेल्या रविवारची रेस आहे. इथे आठ दिवसांनी दाखवतात, रेकॉर्डिंग. रिझल्ट कधीच पेपरात येऊन गेलाय."

मी मेस्त्रीकडं बघितलं. मेस्त्री च्यात बघत होता. मग बोल्ला, "सगळ्यांना ठाव होतं रे चंदू. तू हात जोडायचास, मज्जा यायची. रविवारी दुसरं काय हाय हितं?"

बासष्ट सहावा आला. मी शेवटपर्यंत बघितली. का बघितली ठाव नाय. मेलेल्याच्या नाडीला हात लावून बसतात तसा बसलो.

खोलीवं जाऊन आवनीचा आठवडा बोटांवं मागं मोजला. हिशोबात मी कच्चा, पन हा चुकला नाय. बुधवारी बानं कोंबडा कापला. त्यानंतरच्या रविवारी मी बासष्टला पडताना बघितलं. पन ती रेस आठ दिवस शिळी. म्हंजी तो खरा पडला तो आदल्या रविवारी. बाचा आवनीचा फोन यायच्या आधी, मी नवस बोलायच्या आधी, कोंबडा खुराड्यात दाने टिपत होता तवा. तो दवाखान्यात पाय वर करून पडला होता आन मी हितं त्याच्यासाठी सबबी सांगत होतो. बाचा काय बी दोष नव्हता. देवाचा बी नव्हता. सगळं सपलेलं मी चालू हाय म्हनून बघत होतो.

दिवाळीला घरी गेलो ते हे सांगायचंच ठरवून. शिवेवं चेडोबापुढं नारळ ठेवला आन मान खाली घालून पुढं गेलो. बा अंगनात खळं सारवत होता. मी चपला काढायच्या आत त्यानं ईचारलं, "काय झालं त्याचं? झाला का राजा?" मी बोललो नाय झाला. त्याचं तोंड पडलं. उठून पानी आनायला आत गेला तर लंगडत होता. मी काय करावं? मी जोक मारला. बोललो, "काय बा, तू बी पडलास का रेसमधी?" तो हसला, बोल्ला, काटा मोडलाय. मी बी हसलो. विषय सपला.

खरं सांगायला गेलो असतो तर नवस बी खोटा होता हे सांगावं लागलं असतं. जीभ उचललीच नाय. बोललो पुढच्या टायमाला.

पुढच्या साली बासष्ट टीव्हीत दिसलाच नाय. हिरव्या गाडीवं दुसराच कोनतरी, नंबर बी दुसरा. मी बघायचं सोडलं. पन बाचा फोन यायचाच. शिमगा झाला का ईचारायचा, औंदा हाय ना तो? आन मी, ज्यानं तोंडातनं कधी खरं काढलं नाय, मी सांगायचो, हाय की. मग पुढं काय झालं ते सांगावं लागायचं. आज चौथा आला. आज दुसरा. आज पाऊस होता, पन पडला नाय. तीन-चार सीझन मी असे चालवले, गॅरेजच्या फोनवं उभा राहून, हातात साबनाचं फडकं. मनानंच. एकदा त्याला पयला आनला तर बानं पाड्यात गूळ वाटला. ताय सांगते का देवळापुढं म्हातारी मानसं बसायची आन बा त्यांना समजावून सांगायचा, वळनावं गुडघा कसा टेकवतात ते. टीव्ही त्यानं त्याच्या जन्मात नीट बघितला नव्हता.

मी रेकॉर्डिंग बघून येडा झालो. बानं तर न झालेल्या रेसा बघितल्या.

बा गेला तो माघात, छातीत दुखून. मला निरोप मिळाला तसा निघालो. येळेवर पोचलो म्हना. तिरडी बांधून झाली होती, मी आलो म्हनून उचलायची तेवढी थांबली होती. डोक्यावं बर्फासारखा गार वारा होता आन मला काय रडू येत नव्हतं. शेजारचा म्हातारा जवळ आला, खांद्यावं हात ठेवला आन हळूच ईचारलं, तो बासष्ट नंबर औंदा हाय ना? तवा आलं.

भोसरीत आता माझी एक खोली हाय, पत्र्याची, पन आपली. बायको हाय, पोरं हायत, रेशनकार्डावं नाव हाय. पोरांना नळाला पानी आलं का गाव आठवत नाय. कोनी ईचारलं तुमचं गाव कंचं, तर पुन्यात मी सांगतो मुंबईकडं. कल्यानचा कोन भेटला तर मुरबाडकडं. मुरबाडात सांगतो डोळखांबच्या आत. आन डोळखांबात जीपची वाट बघत उभा राह्यलो का तिथली नवी पोरं ईचारतात, काका, कोनाकडं जायचंय? घर जसं जवळ येतं तसं माझं नाव पुसत जातं. आता पाड्यातल्या पोरांकडं बी मोटरसायकली आल्यात. मला बघून गाडी थांबवतात, बोलतात बसा, सोडतो. मी मागं बसतो. चालवताय का असं एकानं ईचारलं होतं. मी बोललो, पाय दुखतोय.

बा गेला त्याच साली आषाढात मी सुट्टी काढून आवनीला आलो. कोनी बोलावलं नव्हतं. रविवार होता. शिवेवं थांबलो, चेडोबाला हात जोडले, आन रिकाम्या हातानं पुढं गेलो. ताय दोन बायांना घेऊन खालच्या खाचरात लावत होती, त्या साली पडीक राह्यलेल्याच खाचरात. दाजी वर नांगर धरून. मी प्यांट गुडघ्यावं घेतली आन उतरलो. तायनं एक मूठ रोप पुढं केलं. मी लावाया लागलो. हात विसरला होता. दहा-बारा चूड, म्हंजी रोपाचे झुपके, लावले तर ते दारूड्यासारखे कुनी हिकडं झुकलेले, कुनी तिकडं.

वाकल्या वाकल्या मी तिला सगळं सांगितलं. तोंड खाली असलं का सांगाया बरं पडतं. नवस खोटा होता ते सांगितलं. रेस शिळी होती ते सांगितलं. ज्या पडन्याचा मी बाला दोष लावला ते आठ दिवस आधीच होऊन गेलं होतं, आन पुढच्या सगळ्या रेसा मी पोटातनं काढल्या होत्या. मला वाटलं ती रडंल, नायतर शिव्या घालील. दोन्हीची तयारी होती. मी मधी एक जोक बी मारला, कोंबड्यावरनं. कोनी हसलं नाय.

तायचा हात थांबला नाय. चार चूड लावले, मागं सरली, अजून चार लावले. मग ती बोलली, वर न बघता.

"त्याच रविवारी तुझी वाट बघून बघून बानं एकट्यानंच बैल जुपले. बैल बुजला, फाळ पायात घुसला, हाडापर्यंत. दुसऱ्या दिवशी मी बोलले जाऊ नको, तरी फडक्यात पाय बांधून गेला डोळखांबला, तुला फोन कराया. रगात गळत होतं वाटंनं. परत आला तर मी ईचारलं काय बोल्ला चंद्या. तर सांगतो, गो बाय, त्या पोराला लई लागलंय."

मी उभा राह्यलो. काटा मोडलाय, तो बोल्ला होता. मी हसलो होतो.

"त्याचा पाय बा मरेतो ईचारत होता," ताय बोलली. "बाचा पाय तू एकदा तरी ईचारलास का रे?"

 पाय चिखलात आन खाली बघतो तर माझ्या टाचंखाली तिनं आताच लावलेली एक वळ. तिनं माझ्या हातातली मूठ काढून घेतली.

"रोप तुडवू नको. जा, बांधावर जाऊन बस. बघत बसाया तुला चांगलं येतं."